पेशीचे कान, हात आणि पाय

भाजी चिरताना बोटाला सुरी लागते. रक्त थांबते, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत तेथे कोवळी, गुलाबी त्वचा दिसू लागते. शरीराच्या या सामर्थ्याचे आपल्याला कौतुक असते. परंतु याच घटनेच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जखम भरली की पेशींची वाढ थांबते. कातडी काठोकाठ जुळल्यावरही ती चालूच राहिली असती, तर प्रत्येक ओरखड्याच्या जागी एकेक गाठ उभी राहिली असती. केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे, हे त्या पेशींना कोण सांगते?

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. ज्या घरात वयोवृद्ध माणसे आहेत, तेथे तो निरनिराळ्या रूपांनी रोज समोर येतो. आजोबांच्या तळपायाची मधुमेहातील जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडावर व्रण पडतो आणि मलमांना दाद देत नाही. कोणाच्या डोळ्याच्या पडद्यात पाणी साचते आणि दर महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागते. कोणाच्या फुप्फुसात किंवा स्तनात वाढ सुरू होते आणि ती थांबण्याचे नाव घेत नाही. रुग्णालयात या सर्वांचे विभाग वेगवेगळे, डॉक्टर वेगवेगळे. पेशीच्या पातळीवर मात्र या साऱ्यांच्या मुळाशी एकच संवाद आहे. तो समजून घेतला, तर औषधाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि आपल्या हातांनी काय करावे, याचा उलगडा होतो.

वाढीचा निरोप

शरीरातील बहुतेक पेशी आपल्या मर्जीने वाढत नाहीत. विभाजनासाठी त्यांना बाहेरून निरोप यावा लागतो. असा निरोप घेऊन येणाऱ्या प्रथिनांना वाढघटक किंवा ग्रोथ फॅक्टर म्हणतात. इटलीत जन्मलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी मज्जातंतूंना वाढवणारा घटक शोधून काढला. त्यांच्यासमवेत काम करणारे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचून पाहत होते. त्या पिलांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले आणि दातही लवकर आले. या निरीक्षणाचा माग घेत कोहेन यांनी त्वचेच्या पेशींना वाढवणारे ५३ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन वेगळे केले. तोच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. या कार्यासाठी दोघांना १९८६चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेव्ही-मोंताल्चिनी पुढे वयाच्या १०३ व्या वर्षापर्यंत जगल्या.

ईजीएफ आपल्या लाळेतही असतो. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखम होताच पीडीजीएफ नावाचा दुसरा वाढघटक त्या जागी ओततात. (म्हणून जखम तोंडात धरावी असे मात्र नाही, लाळेबरोबर जंतूही जातात.)

निरोप आला तरी तो ऐकायला कान हवेत. पेशीच्या आवरणात अर्धी बाहेर आणि अर्धी आत अशी बसवलेली प्रथिने असतात. त्यांना ग्राही, म्हणजे रिसेप्टर, म्हणतात. वाढघटक बाहेरच्या टोकाला येऊन चिकटला की शेजारचे दोन ग्राही जवळ येतात, एकमेकांच्या आतल्या शेपटांवर फॉस्फेटची खूण करतात आणि तो निरोप साखळीने पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो. ईजीएफच्या ग्राहीला ईजीएफआर म्हणतात. कर्करोगाच्या उपचारात हे नाव पुढे अनेकांच्या कानावर पडते.

येथे एक अडचण उभी राहते. लाळ, रक्त आणि ऊतींमधला द्रव यांत वाढीचे निरोप थोडेफार नेहमीच फिरत असतात. पेशीला केवळ कानच असते, तर ती सतत वाढतच राहिली असती. तसे होत नाही, कारण पेशीला हात आणि पायही आहेत.

हात आणि पाय

सन १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्रातील एक स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. थोड्याच वेळात त्या पेशी पुन्हा एकत्र येऊ लागल्या आणि त्यांतून नवा स्पंज घडला. आपल्या माणसाला ओळखून त्याचा हात धरण्याची ही शक्ती कशात असते, याचे उत्तर मिळायला मात्र पुढे सात-आठ दशके लागली.

जपानमधील क्योतो येथे मासातोशी ताकेइची यांनी पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिने शोधली. ती कॅल्शियमच्या साहाय्याने काम करतात आणि म्हणूनच त्यांचे नाव कॅधेरीन पडले. ही पेशीचे हात होत. एका पेशीचे कॅधेरीन शेजारणीच्या कॅधेरीनला बाहेर धरते आणि आतल्या बाजूला पेशीच्या सांगाड्याशी बांधलेले असते. त्वचा, आतडे आणि स्तनातील नलिका यांच्या पेशींना ई-कॅधेरीन बांधते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला व्हीई-कॅधेरीन.

दुसऱ्या गटातील प्रथिने म्हणजे इंटिग्रिन. पेशी ज्या जमिनीवर उभी असते, त्या कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन इत्यादी तंतूंच्या विणीला ती धरून ठेवतात. ही पेशीची पावले. माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत. इंटिग्रिनच्या शोधासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला. या हातापायांना एकत्रितपणे आसंजक प्रथिने, म्हणजे चिकटवून ठेवणारी प्रथिने, म्हणतात.

अनेक वर्षे समज असा होता की या प्रथिनांचे काम भिंतीतील चुन्यासारखे आहे : विटा जागेवर धरून ठेवायच्या, एवढेच. आता कळते की हेच हात आणि पाय कानांवर सत्ता गाजवतात. दहीहंडीचे थर आठवावेत. खालच्या गड्याच्या खांद्यावर पाऊल घट्ट बसले आहे आणि शेजाऱ्याचा दंड हातात आहे, याची खात्री झाल्यावाचून वरचा गोविंदा ताठ उभा राहत नाही. खालून कितीही आरोळ्या उठोत. पेशीही वाढीच्या आरोळीला अशाच सावधपणे प्रतिसाद देते.

ऐकावे की न ऐकावे

पहिला नियम असा, की धरलेले हात कानांना शांत करतात. प्रयोगशाळेच्या बशीत निरोगी पेशी वाढवल्या, की बशीचा तळ झाकला जाईपर्यंत त्या विभागत राहतात. सर्व बाजूंनी शेजाऱ्यांचा स्पर्श झाला की द्रवात वाढघटक असूनही त्या थांबतात. यामागे अनेक यंत्रणा आहेत. ई-कॅधेरीन ईजीएफआरला आपल्याजवळ खिळवून ठेवते. त्यामुळे त्या ग्राहीची हालचाल मंदावते आणि निरोपाला पकडण्याची त्याची ओढ कमी होते. पेशींच्या जोडाच्या आतल्या बाजूला मर्लिन नावाचे प्रथिन असते. तेही ईजीएफआरला काबूत ठेवते. मर्लिनचे जनुक जन्मतः सदोष असलेल्यांना दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात. यावरून या लगामाचे महत्त्व ध्यानी यावे. रक्तवाहिन्यांत तर व्हीई-कॅधेरीनजवळ फॉस्फेटची खूण पुसून टाकणारे प्रथिन तैनात असते. त्वचेच्या वरच्या थरांत कॅधेरीनच्याच कुळातील डेस्मोग्लीन-१ ईजीएफआरचा आवाज उतरवते. तो उतरला म्हणजे पेशी विभागणे सोडून परिपक्व होतात आणि त्वचेचे कवच बनतात.

दुसरा नियम पायांचा. पाऊल टेकले असेल तरच निरोपाला अर्थ. इंटिग्रिन जमिनीला धरतात तेथे ते पुंजक्याने जमतात, वाढघटकांचे ग्राही त्यांच्या शेजारी येतात आणि निरोपाची साखळी दोघांच्या मिळून हुकमाने पुढे सरकते. जमीन सुटली, तर निरोगी पेशी वाढत तर नाहीच, बहुधा स्वतःहून मरण पत्करते. १९९४ मध्ये या मृत्यूला अनॉइकिस हे ग्रीक नाव देण्यात आले. त्याचा भाव ‘बेघर होणे’ असा आहे. ही योजना क्रूर वाटली तरी शहाणपणाची आहे. आतड्याच्या अस्तरातून रोज असंख्य पेशी सुटतात. त्या वाहत जाऊन भलत्या ठिकाणी रुजू नयेत, याची व्यवस्था त्यात आहे.

तिसरा नियम उलट दिशेचा. कानही हातांना हुकूम देऊ शकतात. वाढीचा निरोप जोराचा असेल, तर पेशी शेजारणीचा हात सैल करते. जागा सोडून पुढे सरकायचे, तर हात थोडा सोडावाच लागतो.

या तीन नियमांच्या उजेडात चिरलेल्या बोटाकडे पुन्हा पाहावे. चिरेच्या काठावरील पेशींची शेजारीण एका बाजूने नाहीशी होते आणि त्या बाजूचा लगाम सुटतो. बिंबिका वाढघटक ओततात. गोठलेल्या रक्तातील फायब्रोनेक्टिनची तात्पुरती जमीन पायांखाली मिळते. तिच्यावर पाऊल रोवत पेशी आत सरकतात, मागच्या पेशी विभागून त्यांना साथ देतात. समोरच्या काठावरून निघालेल्या पेशी भेटतात, हातात हात मिळतात आणि लगाम पुन्हा कसला जातो. वाढ थांबते. ‘थांबा’ असे सांगणारा कोणी वेगळा अधिकारी नसतो; शेजारणीचा स्पर्श हीच ती आज्ञा असते.

न भरणारी जखम

वय वाढते तशी ही व्यवस्था नाजूक होते. तरुण त्वचेत वरचा थर आणि खालचा थर लाटांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. म्हातारपणी या लाटा सपाट होतात आणि दोन थरांची पकड कमी होते. म्हणूनच सलाईनची चिकटपट्टी ओढताना वृद्धांची कातडी तिच्याबरोबर निघून येते. त्वचा नव्याने घडण्याचा वेगही मंदावलेला असतो.

मधुमेहात आणखी भर पडते. रक्तातील वाढलेली साखर कोलॅजेनला चिकटते आणि इंटिग्रिनची पकड बिघडते. बधिर पायाला टोचलेले कळत नाही, रक्तपुरवठा कमी असतो. जखम जुनी झाली की तिच्यातील दाहामुळे प्रथिने पचवणारी विकरे साचतात. ती पायाखालचे फायब्रोनेक्टिन कुरतडतात आणि येणारे वाढघटकही तोडून टाकतात. म्हणजे जमीनही जाते आणि निरोपही.

अशा जखमेत बाहेरून वाढघटक घालावा, ही कल्पना त्यामुळे स्वाभाविक होती. अमेरिकेत १९९७ मध्ये पीडीजीएफ असलेल्या जेलला मधुमेहातील पायाच्या व्रणांसाठी मान्यता मिळाली. भारतातही वाढघटक असलेली जेल मिळतात आणि काही रुग्णांना त्यांचा लाभ होतो. पण या संशोधनातूनच एक मोलाचा धडा मिळाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११८ रुग्णांच्या एका अभ्यासात २० आठवड्यांत पीडीजीएफ लावलेल्यांपैकी ४८ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या. नुसते साधे जेल लावलेल्यांपैकी २५ टक्क्यांच्या. त्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या केंद्रांत मृत ऊती काढून जखम वरचेवर साफ केली जात नव्हती, तेथे जखमा भरण्याचे प्रमाण कमी होते. औषध असले तरी आणि नसले तरी.

याचा अर्थ पेशींच्या भाषेत सरळ आहे. निरोप महागामोलाचा असला, तरी मेलेल्या ऊतींवर आणि पूवाळलेल्या तळावर पेशीला पाऊल टेकता येत नाही. टेकले तरी प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार त्यावर पडून ते उखडते. म्हणून तज्ज्ञ डॉक्टरकडून जखमेची सफाई, पायावरचा भार काढणारे बूट किंवा प्लास्टर, जंतुसंसर्गावर उपचार, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि साखरेचे नियंत्रण ही पाच कामे आधी. जेल नंतर, आणि डॉक्टरांनी सांगितले तरच. त्या जागी कर्करोग असेल, तर असे जेल लावतच नाहीत. कर्करोगाच्या पेशीही निरोप ऐकतात.

पडद्यामागची गळती

हाच संवाद डोळ्यात बिघडला की दृष्टीवर घाला येतो. अमेरिकेत १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांना गळते करणारे एक प्रथिन वर्णन केले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांना वाढवणारा घटक वेगळा करून त्याला व्हीईजीएफ हे नाव दिले. नंतर उघड झाले की दोघांनी पकडले ते एकच प्रथिन होते. वाढवणारा आणि गळवणारा एकच कसा, या कोड्याचे उत्तर वरच्या तिसऱ्या नियमात आहे. व्हीईजीएफचा निरोप आला की रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी व्हीई-कॅधेरीनचे हात सैल सोडतात. हात सुटले की फटी पडतात, द्रव झिरपतो. आणि हात सुटल्यामुळे कानांवरचा लगामही सुटतो, म्हणून तोच निरोप अधिक मोठ्याने ऐकू येतो. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपले आपणच वेग घेते.

वयोमानानुसार होणाऱ्या ‘ओल्या’ मॅक्युलर झिजेत आणि मधुमेहातील डोळ्याच्या पडद्यावरील सुजेत हेच घडते. सरळ रेषा वाकड्या दिसतात, वाचताना मधलाच शब्द पुसट होतो. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही डोळ्यात टोचायची औषधे व्हीईजीएफला पकडून ठेवतात. निरोप बंद झाला की पेशी पुन्हा हात धरतात आणि गळती कमी होते. मात्र औषधाचा अंमल ओसरतो आणि डोळ्यात व्हीईजीएफ पुन्हा तयार होत राहतो. पहिल्या दोन इंजेक्शनांनी दिसू लागले म्हणून तिसरे टाळणे येथेच महागात पडते. तारीख लांबवायची की नाही, हे डोळ्याचे स्कॅन पाहून नेत्रतज्ज्ञाने ठरवावे, घरी बसून आपण नव्हे. ज्येष्ठांना घेऊन जाणारे कोणी नसल्याने तारखा चुकतात, हे वास्तव आहे. तेव्हा कोणत्या महिन्यात कोण सोबत जाणार, हे आधीच ठरवून ठेवणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

हात सुटलेली पेशी

कर्करोगाच्या पेशीत तिन्ही नियम मोडलेले असतात. शेजारणीच्या स्पर्शाने ती थांबत नाही, जमीन सुटली तरी मरत नाही आणि कान तर सतत उघडे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कर्करोग होत होता. १९९८ मध्ये त्याचे कारण ई-कॅधेरीनच्या जनुकातील दोष असल्याचे सिद्ध झाले. एका हाताच्या प्रथिनावर किती काही अवलंबून असते, याचा हा पुरावा.

स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या कर्करोगातही बहुधा ई-कॅधेरीन हरवलेले असते. स्तनाच्या कर्करोगांत हा प्रकार दर शंभरात साधारण १० ते १५ आढळतो. त्यातील पेशी एकमेकींना धरत नाहीत, मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक पसरतात. त्यामुळे ठळक गाठ हाताला लागेलच असे नाही आणि मॅमोग्राफीतही ती लपू शकते. ‘गाठ नाही ना, मग काही नाही’ हा दिलासा म्हणून अपुरा आहे. स्तनाचा एखादा भाग घट्ट वाटणे, त्वचा ओढली जाणे, स्तनाग्र आत जाणे किंवा आकार बदलणे, यांपैकी काही दिसले तर साठी-सत्तरीतील स्त्रियांनीही संकोच न करता दाखवावे.

फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर स्वतःच बिघडून निरोपाविना बोलत राहतो. असा बिघाड पाश्चात्त्यांपेक्षा आशियाई रुग्णांत अधिक आढळतो, म्हणून आपल्याकडे त्याची तपासणी आवर्जून करतात. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब ही तोंडाने घ्यायची औषधे हा बिघडलेला कान बंद करतात. मात्र निरोगी त्वचेलाही ईजीएफआर लागतो. म्हणून चेहरा, छाती व पाठ यांवर मुरुमांसारखे पुरळ येणे, कातडी कोरडी पडणे, नखांच्या कडा सुजणे आणि जुलाब होणे हे या औषधांचे नेहमीचे परिणाम आहेत. हे पुरळ पाहून अनेक कुटुंबे घाबरतात आणि गोळी परस्पर बंद करतात. तसे करू नये. सौम्य साबण, सुगंधविरहित मलम, उन्हापासून संरक्षण आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी त्रास आटोक्यात ठेवता येतो. गरज पडल्यास मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. अचानक धाप लागली, नवा खोकला सुरू झाला किंवा जुलाब थांबेनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी कळवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

पेशींच्या हातापायांचे हे ज्ञान घरातील रोजच्या कामांत पुढीलप्रमाणे उतरते.

चिकटलेली पट्टी कधीही ओढून काढू नये. कोरडे गॉझ जखमेला चिकटते, तेव्हा त्याबरोबर नुकत्याच रोवलेल्या पेशी उखडल्या जातात आणि आठवड्याची कमाई एका क्षणात जाते. निर्जंतुक सलाईनने पट्टी पूर्ण भिजवावी, थांबावे, मग सोडवावी. न चिकटणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. चिकटपट्टी काढताना एका हाताने कातडी दाबून धरावी आणि पट्टी वर न खेचता त्वचेला समांतर, सावकाश मागे दुमडत न्यावी.

जखमेत स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हापुन्हा ओतू नये. ती जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात. हळद, राख, कॉफीची पूड जखमेत भरू नये. जखम अगदी वाळवून ठेवावी, हा समजही जुना झाला. पेशींना सरकायला ओलसर जमीन लागते. चिघळलेली मात्र नको.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी, किंवा डॉक्टर-परिचारिकेने सांगितल्याप्रमाणे, बदलावी. ओढून सरकवू नये, चादरीसह उचलून सरकवावे. ओढण्याने त्वचेचे थर एकमेकांवर घासून सुटतात. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळून मालिश करू नये. बसायला मधे भोक असलेली रबरी चकती वापरण्याची पद्धत आहे. तिच्या कडांनी रक्तपुरवठा दबतो, म्हणून ती टाळावी.

मधुमेह असलेल्यांचे तळपाय रोज रात्री उजेडात पाहावेत; स्वतःला वाकता येत नसेल, तर घरातील कोणी पाहावेत. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर बधिर पाय भाजतात आणि कळतही नाही. प्रदक्षिणा सकाळी लवकर घालावी.

पायाखालची जमीन आहारातून घडते. कोलॅजेन बनायला प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. वरण, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. जोडीला लिंबू, आवळा, पेरू. दात नसल्याने केवळ चहा-बिस्किटे आणि पेजेवर राहणाऱ्या वृद्धाची जखम भरायला बळ कोठून येणार? मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. धूम्रपान आणि मशेरी-तंबाखू मात्र बंदच. निकोटीन रक्तवाहिन्या आवळते.

अंगावर मोठे, ताणलेले फोड किंवा तोंडात न भरणारे व्रण आले, तर त्यांना ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नये. पेम्फिगस या विकारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनवर हल्ला करते; वृद्धांत अधिक आढळणाऱ्या बुलस पेम्फिगॉइडमध्ये त्वचेचा वरचा थर खालच्या थराला बांधणाऱ्या प्रथिनांवर. दुसऱ्या विकाराचा संबंध मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातील गोळ्यांशी काही रुग्णांत आढळला आहे. म्हणून फोड आल्यास त्वचारोगतज्ज्ञाला चालू औषधांची पूर्ण यादी दाखवावी.

शेवटी बाजाराविषयी. ‘ग्रोथ फॅक्टर’ हा शब्द आता सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवरही झळकतो आणि ‘पेशी तरुण करणाऱ्या’ उपचारांच्या जाहिरातींतही. असे मोठे रेणू अखंड त्वचेतून फारसे आत जात नाहीत. आणि कोणताही वाढघटक एकट्याच्या बळावर काही घडवत नाही, हे आपण पाहिलेच. खर्चाची रक्कम हातात असेल, तर ती आधी चांगले बूट, चांगली पट्टी, दबाव कमी करणारी गादी आणि ताटातील वाटीभर उसळ यांवर खर्च करावी. निरोप शरीर आपले आपण पाठवतच असते. पेशींना पाय रोवायला स्वच्छ, भारविरहित जागा मिळवून देणे आणि एकदा धरलेले हात पुन्हा न सुटू देणे, एवढे मात्र घरच्यांच्याच हाती असते.